पदरचं घालायचं नाही: गोव्यातल्या दुभाष्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डिचोलीची. घरात मराठी, वाड्यावर कोकणी, आणि वडील बरीच वर्षं हुबळीला नोकरीला होते म्हणून कन्नड. ह्या तीन भाषांच्या भांडवलावर मी इस्पितळात, पोलीस स्टेशनात, कोर्टात बोलावतील तिथे दुभाषी म्हणून जाते. खालचे प्रश्न नव्याने ह्या कामात आलेल्या मुलामुलींनी विचारलेले आहेत. काही नर्स आणि वकिलांचे आहेत, एक माझ्या सख्ख्या बहिणीचा. उदाहरणांतली गावं, वयं, नाती मी अदलाबदल करून लिहिली आहेत. का, ते पुढे वाचताना कळेलच.

दुभाषी आणि भाषांतरकार एकच ना?

नाही. भाषांतरकाराला कागद मिळतो, शब्दकोश मिळतो, रात्र मिळते. दुभाष्याला एक श्वास मिळतो आणि समोर दोन माणसं त्याच्या तोंडाकडे बघत असतात. पोर्तुगीज अमदानीत इथल्या सरकारात ‘लिंग्वा’ नावाचं पदच होतं. मराठ्यांसारख्या शेजाऱ्यांशी बोलणी, पत्रव्यवहार हे लोक सांभाळत, आणि त्यांत सारस्वत घराण्यांतले बरेच असत. लिंग्वा म्हणजे जीभ, आणि भाषासुद्धा. दोन दरबारांच्या मधे बसून त्यांनी नुसती जीभ होऊन काम केलं असेल, यावर माझा काही विश्वास नाही. पण अपेक्षा तेव्हाही तीच होती, आजही तीच आहे.

गोव्यात दुभाषी कशाला हवा? इथे तर सगळ्यांना चार चार भाषा येतात.

हाच तो बहिणीचा प्रश्न. बाजारात मासे घेण्यापुरत्या सगळ्यांना चार भाषा येतात, हे खरं. पण ‘गाठीचा तुकडा तपासायला पाठवायचा आहे’ किंवा ‘जामीन नाकारला’ हे चार भाषांत सांगता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

कागदावर बघा. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीही वापरायची सोय ठेवली गेली. कोर्टातली जबानी मात्र बहुतेक वेळा टाइप होते इंग्रजीत. २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास वस्तीतल्या दोन तृतीयांश लोकांनी कोकणी मातृभाषा सांगितली, दहातल्या एकाहून थोड्या अधिकांनी मराठी. बाकीच्यांत हिंदी, कन्नड, उर्दू बोलणारे आले. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात दोडामार्ग-सावंतवाडीकडून मालवणी बोलणारे येतात, कारवारकडून येतात, आणि झुवारीनगरच्या खोल्यांतून उत्तर कर्नाटकातली कन्नड येते. समोरचा तरुण डॉक्टर कुठल्या राज्यातला असेल ते सांगता येत नाही. मग दोघंही हिंदीत बोलतात, आणि ती दोघांचीही भाषा नसते. सगळा घोळ तिथे होतो. भाषा अजिबात कळत नसली तर माणूस निदान दुभाषी शोधतो. अर्धी कळली की शोधत नाही.

म्हणजे नेमकं काय होतं?

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एका इस्पितळात मी शेजारच्या खाटेवरच्या कन्नड बाईसाठी गेले होते. पलीकडे केपे भागातला एक म्हातारा. डॉक्टरला म्हणाला, “म्हज्या हड्ड्यांत दुखता.” डॉक्टर उत्तरेकडचा. त्याने विचारलं, “कौनसी हड्डी?” म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला, डॉक्टरने बरगड्या दाबून पाहिल्या आणि कागदावर हाडाच्या दुखण्याचं काहीतरी लिहायला घेतलं.

कोकणीत हड्डें म्हणजे छाती.

मला कळत होतं. पण ती माझी केस नव्हती, मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मी डॉक्टर नाही. आमच्या कामातला पहिला नियमच असा की विचारल्याशिवाय मधे बोलू नये. दोन-तीन मिनिटं मी गप्प राहिले. मग राहवेना. “डॉक्टर, मी दुभाषी आहे, तुमच्या पेशंटची नव्हे. त्यांनी वापरलेल्या शब्दाचा अर्थ छाती असा आहे,” एवढंच बोलले आणि परत माझ्या खाटेकडे वळले. त्यांनी लगेच ईसीजी लावला. पुढे काय निघालं ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घेण्याचा मला हक्कही नव्हता. पण ती दोन-तीन मिनिटं अजून टोचतात.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९८० साली अशाच एका शब्दाने एका मुलाचं आयुष्य उलटंपालटं केलं. विली रामिरेझ, वय १८. घरचे क्यूबन, म्हणाले ‘इंतोक्सिकादो’, म्हणजे काहीतरी बाधलंय, खाण्यातून वगैरे. डॉक्टरांनी त्याचा अर्थ अमली पदार्थांची नशा असा घेतला आणि त्या दिशेने उपचार सुरू केले. मेंदूतला रक्तस्राव उशिरा कळला. मुलाचे हातपाय कायमचे गेले, आणि भरपाईची तडजोड सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची झाली. डॉक्टरला वाटत होतं आपल्याला कळलं, घरच्यांना वाटत होतं आपण सांगितलं. दुभाषी मागवावा असं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग मधे बोलायचं की नाही? नियम काय?

नियम सोपा आहे, पाळायला कठीण. पदरचं घालायचं नाही, आणि कोणाचं पोटात ठेवायचं नाही. गैरसमज होतोय असं दिसलं तर तो गैरसमज आहे एवढं दोघांनाही कळेल असं मोठ्याने सांगायचं. “हे दुभाषी बोलतोय” असं आधी म्हणायचं, मग शब्दाबद्दल बोलायचं. आजाराबद्दल किंवा खटल्याबद्दल बोलायचं नाही. आणि एकाला जे सांगितलं ते दुसऱ्यालाही त्याच्या भाषेत सांगायचं, नाहीतर त्याला वाटतं ही दोघं आपल्याविरुद्ध कट करतायत.

नव्या मुलांना वाटतं, ह्या कामातला मोठा मोह खोटं बोलण्याचा. माझ्या अनुभवात खोटं कोणी बोलत नाही. मोह असतो दयेचा. बाई घाबरलेली आहे, जरा मऊ करून सांगू. म्हातारा भरकटतोय, तेवढं गाळून मुद्द्याचं सांगू. साहेब चिडलेत, तो तिखट शब्द नको. प्रत्येक वेळी मन चांगलं असतं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या तोंडात आपले शब्द गेलेले असतात.

“मी” म्हणायचं की “तो म्हणतो”?

“मी.” साक्षीदार म्हणाला “मला मारलं” तर दुभाष्यानेही “मला मारलं”. “ती म्हणतेय की तिला मारलं” असं सुरू केलं की तिसऱ्या वाक्याला कोण कोणाला मारतंय ते टायपिस्टला कळेनासं होतं. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की “दुभाषी म्हणतो”. पहिले दोन दिवस नाटकात काम करतोय असं वाटतं, मग सवय होते.

शिव्यासुद्धा जशाच्या तशा?

हो. वाड्यावरच्या भांडणाचा एक खटला होता. साक्षीदार बाईने शेजाऱ्याने दिलेली शिवी अगदी ठसक्यात सांगितली. मी तेव्हा नवी. “वाईट शब्द वापरले,” असं म्हणून पुढे निघाले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “नेमके कोणते?” अपमान करून माणसाला चिथावलं की नाही हाच मुद्दा होता, म्हणजे सगळा खटला त्या शब्दावर उभा. कान लाल करून मी तो उच्चारला. इथे लिहीत नाही, कारण इथे मी शपथेवर नाही.

शपथ असते, बरं का. १९६९च्या शपथ कायद्यात साक्षीदाराबरोबर दुभाष्याचीही शपथ आहे: विचारलेले प्रश्न आणि दिलेली साक्ष नीट, खरेपणाने समजावून सांगेन, दिलेल्या कागदांचं अचूक भाषांतर करीन. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २८२ कलमाने दुभाष्यावर खरं भाषांतर करायचं बंधन होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. दुभाषी कोर्टातलं फर्निचर नसतो, एवढं नव्या मुलांना कळावं म्हणून हे सांगते.

चूक झाली आणि नंतर लक्षात आलं तर?

उभं राहून सांगायचं. लाज वाटते, वाटू द्या.

कन्नडमध्ये ‘मोन्ने’ म्हणतात. मी पटकन ‘परवा’ सांगितलं. टाइप झालं ‘कालच्या आदल्या दिवशी’ ह्या अर्थाचं इंग्रजी. साक्षीदार बांधकामावरचा मजूर. त्याच्या मोन्नेला तेवढा नेम नव्हता, ‘हल्लीच, दोन-चार दिवसांमागे’ असा त्याचा भाव होता. आपल्याही मराठीत ‘परवा परवापर्यंत ठीक होता’ म्हणतोच की आपण, आणि शिवाय आपला परवा मागेही जातो आणि पुढेही. बचाव पक्षाच्या वकिलांनी तारीख काढली, आधीच्या जबानीशी जुळेना, आणि तो मजूर खोटं बोलतोय असं दिसायला लागलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याला कळत नव्हतं की त्याने काय चुकीचं सांगितलं.

चहाच्या सुट्टीत मला ते उमगलं. पोटात गोळा आला. एक विचार असाही आला, खोटं कशाला सांगू, की वकील बघून घेतील, मी कशाला तोंडघशी पडू. सुट्टीनंतर हात वर केला आणि “दुभाष्याला दुरुस्ती करायची आहे” म्हणाले. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. वकीलसाहेब माझ्यावर रागावले ते रागावलेच. पुढे कित्येक महिने ओळख दाखवत नव्हते. तेव्हापासून दिवस, वेळ, नातं आणि पैसा ह्या चार गोष्टी आल्या की मी थांबून विचारते: “दुभाष्याला ह्या शब्दाचा नेमका अर्थ साक्षीदाराला विचारायची परवानगी आहे का?”

पेशंटला खरं सांगू नका असं घरचे म्हणतात. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारतात. त्याला एका ओळीचं उत्तर नाही.

आपल्याकडे ‘तिला सांगू नका, ती खचेल’ हे वाक्य दुष्टपणातून येत नाही. मुलगा रात्रभर इस्पितळाच्या बाकावर झोपलेला असतो, डोळे सुजलेले असतात, आणि खोलीत शिरायच्या आधी तो तुमचा हात धरून कोकणीत म्हणतो, “आवयक सांगूं नाकात.” त्याला झिडकारणं मला कधी जमलं नाही. पण त्याचं ऐकणंही माझ्या हातात नाही. पेशंटला किती, कधी, कसं सांगायचं हे डॉक्टर आणि पेशंटने ठरवायचं असतं. मी मधे बसून गाळायला लागले तर डॉक्टरला वाटेल आपण सांगितलं, बाईला वाटेल आपल्याला काही झालं नाही, आणि उद्या संमतीच्या कागदावर ती अंगठा देईल तो कशावर?

म्हणून दाराबाहेरच, डॉक्टरांच्या देखत, मी सांगून टाकते: “आत जे बोललं जाईल ते सगळं मी आजींना त्यांच्या भाषेत सांगणार. जे सांगायचं नाही ते आत बोलू नका. आधी डॉक्टरांशी बोला.” गंमत म्हणजे एवढ्यानेच निम्मी प्रकरणं सुटतात, कारण मग डॉक्टर आणि मुलगा निदान एकमेकांशी बोलतात.

एकदा मात्र सुटलं नाही. बेळगावच्या बाजूची आजी, पोटात गाठ. डॉक्टर इंग्रजीत, मुलगा कोकणीत, आजी कन्नडमध्ये. बोलणं सुरू असताना आजीने सरळ विचारलं, “ननगेनागिदे?” मला काय झालंय? डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने माझ्याकडे. त्या दोन सेकंदांत मला काहीही बोलता आलं असतं. ‘काही नाही आजी, बरं होईल.’ कोणी पकडलं नसतं, उलट मुलाने पाय धरले असते. मी डॉक्टरांना म्हटलं, “त्या विचारतायत, मला काय झालंय.” आणि गप्प बसले.

डॉक्टर बाई होत्या, चांगल्या होत्या. खुर्ची ओढून आजीच्या डोळ्यांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?” मी ते कन्नडमध्ये सांगितलं. आजी थोडा वेळ पदर चाचपत राहिली. मग म्हणाली, “आधी ह्याला जेवायला पाठवा. दोन दिवस ह्याच्या पोटात काही नाही.” तेही मी तसंच सांगितलं. मुलगा रडायला लागला. त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

घरचंच माणूस दुभाषी म्हणून का चालत नाही? ते तर फुकट असतं.

पाणी आणायला, गोळ्या कधी घ्यायच्या ते लिहून घ्यायला चालतं. पण बायकोच्या अंगावर वळ आहेत आणि ‘पडली’ असं सांगणारा नवराच दुभाषी आहे, तर त्या खोलीत तिसरं माणूस हवंच.

मुलांचं तर बोलायलाच नको. कामगार वस्तीतली दहा वर्षांची मुलगी इथल्या शाळेत जाते, तिला कोकणी-मराठी-हिंदी सगळं येतं, म्हणून आईबरोबर स्त्रीरोगाच्या ओपीडीत तिलाच पुढे करतात. आई मुलीसमोर काय सांगणार आणि मुलगी काय ऐकणार? मी अशा वेळी मुलीला बाहेरच्या बाकावर बसवते आणि तिला वहीतलं एक पान आणि पेन देते. अमेरिकेत २०१६पासून आरोग्यसेवेत लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायला, आणीबाणी सोडली तर, नियमाने मनाई केली. आपल्याकडे नियमाची वाट न बघता नर्सबाईंनी मनावर घेतलं तरी होण्यासारखं आहे.

भाषा मोडकीतोडकी येत असेल तर काम घ्यावं का?

नाही. मालिम आणि कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवर काम करणारे ओडिशा, झारखंड, आंध्र कुठूनकुठून आलेले असतात. अशा एका पोराच्या जबाबासाठी मला बोलावलं. पोरगा ओडिया. “त्याला हिंदी येतं,” हवालदार म्हणाले. मी त्याला हिंदीत दोन साधे प्रश्न विचारले. दोन्हींना त्याने “हां जी” म्हटलं. मग तिसरा विचारला, तू गोव्यात किती वर्षं आहेस? त्यालाही “हां जी”.

मी म्हटलं, मी हा जबाब घेऊ शकत नाही, ओडिया येणारं माणूस बघा. हवालदारांचं म्हणणं, रात्रीचे साडेनऊ वाजलेत, आता कुठून आणू, दोन ओळींचा तर जबाब आहे. त्यांचंही खोटं नव्हतं. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय आखडले होते. पण त्या दोन ओळींखाली ‘वाचून दाखवलं, समजावून सांगितलं, बरोबर आहे’ असं लिहिलं जातं आणि समजावणारी म्हणून माझी सही असते. मी सही केली नाही. फेऱ्याचे पैसेही मिळाले नाहीत, ते जाऊ दे.

पोलीस म्हणाले, “एवढंच विचार, बाकीचं सांगू नको.”

हे असं होतं. चिडून उपयोग नाही. शांतपणे सांगायचं: “साहेब, तुम्ही जे बोलाल ते सगळं मी त्याला सांगेन, तो जे बोलेल ते सगळं तुम्हाला.” अटकेचं कारण कळणं आणि वकिलाचा सल्ला घेणं हा घटनेच्या २२व्या कलमातला हक्क आहे, आणि स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही हे विसाव्यात. हे आरोपीला सांगायचं काम दुभाष्याचं नाही, ते पोलिसांचं, वकिलाचं. पण त्याने विचारलं, “वकील मिळेल का?” तर तो प्रश्न माझ्या तोंडून साहेबांपर्यंत गेलाच पाहिजे. तो गिळला तर हक्क मी गिळला.

आरोपीने बाहेर पॅसेजमध्ये मला काहीतरी सांगून टाकलं. आता?

आता तुमची झोप गेली. म्हणून कानाला खडा: ज्याच्यासाठी बोलताय त्याच्याबरोबर एकटं बसायचं नाही. वकील बाहेर गेले की तुम्हीही बाहेर जायचं. तुमच्या तोंडून त्याची भाषा येते म्हणून तो तुम्हाला आपलं माणूस समजतो, गावाकडचं सगळं सांगायला लागतो, आणि त्यातच एखादं वाक्य निसटतं. तसं वाटलं तर लगेच थांबवा: “मला सांगू नका, वकिलांसमोर सांगा, मी तिथे बोलेन.” वकील-अशिलाच्या बोलण्यात जे ऐकलं ते तिथेच पुरायचं.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. मुलाचं लैंगिक शोषण होतंय असं कळलं तर गप्प राहता येत नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं ज्याला कळलं त्याचं काम आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्यात मुलाला कळणारी भाषा नसेल तर दुभाषी देण्याचीही तरतूद आहे, आणि मुलाची ओळख बाहेर फोडायला मनाई आहे. तुमच्या बहिणीलासुद्धा सांगायचं नाही, मग ती कितीही खोदून विचारो. माझी विचारते.

समोरचा ओळखीचा निघाला तर?

गोव्यात निघतोच. इथे दोन अनोळखी माणसं पाच मिनिटं बोलली की तिसरा सामाईक मावसभाऊ सापडतो. एकाच देवळाचे महाजन, एकाच फुटबॉल क्लबचे, निदान एकाच पोदेराकडून पाव घेणारे.

ओळख लपवू नका, एवढंच. एकदा मामलेदाराकडे मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घराचं प्रकरण होतं. भाटकार, म्हणजे जमीनमालक, म्हणून जे आले ते आमच्या आजोळचे शेजारी, लहानपणी त्यांच्या भाटातले आंबे आम्ही चोरलेले. मी उभी राहून ते सांगितलं. आंब्यांचं नव्हे, ओळखीचं. दोन्ही बाजूंनी हरकत नाही म्हटल्यावर बसले. दुसऱ्या एका वेळी हरकत घेतली गेली, मी घरी गेले. वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं.

काही शब्दांना दुसऱ्या भाषेत शब्दच नाही. तिथे स्वतः समजावून सांगायचं का?

मुंडकार, कूळ, अफ्रामेंत, कोमुनिदाद: सगळे इथल्या जमिनीच्या हक्कांचे शब्द. बाहेरून आलेल्याला ह्यातला एकही शब्द कळत नाही, आणि मी दोन मिनिटांत समजावू शकते. इथेच जीभ वळवळते. पण समजावणं म्हणजे कायदा सांगणं, आणि माझं समजावणं चुकलं तर?

नोटरीकडची एक दुपार सांगते. कन्नड बोलणारी बाई, लग्न करून गोव्यात आलेली, नवरा इथलाच. जागा विकायची होती, तिची सही हवी होती. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली इथली रीत अशी की लग्नात वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि स्थावर विकायचं तर दुसऱ्याची संमती लागते. हल्ली वारसा आणि नोटरीचा बराच भाग २०१२च्या गोवा वारसाहक्क कायद्यात आहे. बाईने मला विचारलं, “जागा त्यांची, माझी सही कशाला?”

मला उत्तर ठाऊक होतं: कारण निम्मी तुझी आहे. ते वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. नवऱ्याची नजर घड्याळावर होती. मी तिचा प्रश्न नोटरीला सांगितला, मोठ्याने, शब्दाला शब्द, आणि त्यांच्याकडे बघत राहिले, उत्तर येईपर्यंत. नोटरींनी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावलं. बाईने सही केली, पण आधी कागद पहिल्या पानापासून वाचून घ्यायला लावला. चाळीस मिनिटं गेली. नवरा माझ्याशी त्यानंतर बोलला नाही.

गावंढं बोलणं सुधारून सांगायचं का?

नाही. सत्तरी तालुक्यातल्या माणसाची बोली पुस्तकी मराठीत उतरवली तर तो शिक्षक वाटेल. अडखळत बोलणाऱ्याचं वाक्य सरळ केलं तर तो ठाम वाटेल. न्यायाधीश माणसाला जोखतात ते त्याच्या अडखळण्यातूनही. ‘सोरो पियेना, फकत सांजेर मातशी फेणी’ असं पेशंट म्हणाला तर डॉक्टरला तेवढंच सांगा: दारू पीत नाही, फक्त संध्याकाळी थोडी फेणी. हसायचं की लिहून घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

मुक्या-बहिऱ्या साक्षीदारांसाठी?

सांकेतिक भाषा येणारंच माणूस लागतं, हातवारे समजणारं घरचं माणूस पुरत नाही. बोलू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी कोर्टाने दुभाष्याची मदत घेतली तर त्या जबानीचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं. आम्हां बोलक्या भाषांच्या दुभाष्यांवर ते बंधन नाही. असतं तर बरं झालं असतं असं माझं मत.

मोबाइलवरचं ॲप चालेल?

गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२२पासून कोकणी आहे. बाथरूम कुठे, भूक लागली का, ह्याला जरूर वापरा. संमतीपत्र, जबाब, निदान ह्याला नको. ॲप हात वर करून ‘दुरुस्ती करायची आहे’ म्हणत नाही.

लोक प्रेमाने काही देतात, घ्यायचं का?

पैसे नाहीत. चहा घ्यावा. एकाने मोयऱ्याच्या केळ्यांचा घड आणला होता. मी तो वॉर्डातल्या टेबलावर ठेवला आणि सगळ्यांनी खाल्ला. मानकुराद आंब्यांचा हंगाम असेल तेव्हा मात्र माझी परीक्षा होते, हे कबूल करते.

दिवसभर दुसऱ्यांचं ‘मला मारलं, मला जाळलं’ आपल्या तोंडून बोलल्यावर त्रास होत नाही?

होतो. ते पहिल्या पुरुषात बोलल्याने होतो. ऐकणाऱ्याला गोष्ट ऐकू येते, आपल्या तोंडात मात्र ‘मी’ असतो. सुरुवातीला एका केसनंतर मला आठवडाभर भात गिळत नव्हता आणि कारण घरी सांगता येत नव्हतं. आता आम्ही तिघी दुभाषी महिन्यातून एकदा म्हापशाला भेटतो. नावं, गावं, आजार काही बोलत नाही. ‘आज जड गेलं’ एवढंच, मग कापं आणि चहा. तेवढंही पुष्कळ असतं. नव्या मुलांनी असं कोणीतरी शोधून ठेवावं, आणि सलग दोन तासांहून जास्त बसवत असतील तर विश्रांती मागावी. थकलेली जीभ आकडे खाते.

नोंदवहीचं काय करता?

बोलणं चालू असताना मी आकडे, नावं, तारखा टिपून घेते. बाकी सगळ्या खुणा, बाण आणि फुल्या, माझ्याशिवाय कोणाला वाचता येणार नाहीत अशा. काम संपलं की ती पानं त्या माणसासमोरच फाडते, म्हणजे त्याला दिसतं. इस्पितळाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही. घरी आणते आणि संध्याकाळी न्हाणीघरात पाणी तापवायच्या भाणाखाली, विस्तवात घालते.